बिनकडीचा दरबार

आमच्या बडोद्यातल्या वासण्याच्या घरात सकाळी कुकर आणि मोडेम साधारण एकाच वेळी ओरडायला लागत. आई म्हणायची, कुकर ओरडला की निदान वरण तरी मिळतं. मोडेमचं ओरडणं संपलं की घरातला फोन बंद पडायचा, बाबांचं घरातलं लक्ष बंद पडायचं, आणि पुढचा तासभर त्यांच्या उजव्या हाताच्या एकाच बोटाची टकटक तेवढी ऐकू यायची. एवढ्या वेळात मावशीचा फोन आला, गॅसवाल्याचा आला, कुणी गेल्याचा आला, तरी आम्हाला कळायचं नाही. आई पोळ्या लाटता लाटता मोठ्याने म्हणायची, "दरबार भरलाय. कुणी मरायचं असेल तर नऊनंतर मरा." बाबांना ते ऐकू यायचं, पण दिवाणांनी असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

दिवाण म्हणजे खरंच दिवाण. बाबा कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात दिवाणगिरी करायचे. हे पद त्यांना कुणा महाराजांनी दिलेलं नव्हतं. संस्थान विलीन होऊन जमाना लोटला होता, राजवाड्याकडे लोक लग्नाची रिसेप्शनं आणि गरबे यांच्यासाठी बघत होते, पण आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींपर्यंत ही बातमी अजून पुरती पोचलेली नव्हती. कुणाचे पणजोबा महसूल खात्यात होते, कुणाचे खापरपणजोबा घोडदळात होते, आणि ज्यांचे कुणीच कुठे नव्हते त्यांचे आजोबा निदान महाराजांची स्वारी जाताना रस्त्याच्या कडेला उभे होते. ह्या सगळ्यांचं मिळून एक मंडळ होतं. मंडळाला गणपती, कोजागिरी आणि आपसातली भांडणं एवढी तीन कामं होती. मग इंटरनेट आलं आणि भांडणांची फार मोठी सोय झाली.

आताच्या मुलांना फोरम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. वेबसाईटवरचा चावडीचा कट्टाच तो. एकाने विषय काढायचा, बाकीच्यांनी त्याखाली एकेक करून मतं टाकायची. आवडलं तर वाहवा, नाही आवडलं तर "आपला आदर राखून असं म्हणावंसं वाटतं की" अशी सुरुवात करून आदर गुंडाळून ठेवायचा. शिवाय एकमेकांना खाजगी निरोप धाडता यायचे, ते फक्त पाठवणाऱ्याला आणि ज्याला पाठवला त्याला दिसायचे, निदान अशी समजूत होती. हे सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. फुकट म्हटल्यावर मंडळाच्या कार्यकारिणीने ते एकमताने मंजूर केलं आणि बाबांना व्यवस्थापक नेमलं, कारण घरी संगणक असलेला इतिहासाचा प्राध्यापक दुसरा कुणी नव्हता.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंमत होती. तुम्ही जितकी जास्त मतं टाकाल तितकं तुमच्या नावाखाली मोठं पद दिसायचं. मूळची पदं साधी होती, नवा सदस्य, जुना सदस्य अशी. बाबांना वाटलं, आपल्या लोकांना आपली पदं द्यावीत. त्यांनी बारगीर, शिलेदार, मानकरी, सरदार अशी चढती भाजणी लावली आणि दुसऱ्याच दिवशी बंड झालं. "आमचे पूर्वज कलमबहाद्दर, आम्ही बारगीर कसे?" असा अर्ध्या मंडळाचा सवाल होता. तेव्हा माझ्या एका चुलतभावाला बसवून सॉफ्टवेअरच्या पोटात हात घालायला लावलं आणि दोन वेगळे जिने बांधून घेतले. तलवारीच्या घराण्यांना बारगीर ते सरदार, आणि लेखणीच्या घराण्यांना कारकून, वहिवाटदार, सुभा असं करत करत दिवाण, आणि दिवाण अर्थातच बाबा. सभासद होतानाच विचारलं जायचं, घराणं कोणतं. आपण सगळे एक, हे वाक्य त्याच पानावर ठळक अक्षरात होतं. चुलतभावाने हे सगळं घिसाडघाईने ठोकून दिलं, कुठे काय बदललं याची एक ओळही लिहून ठेवली नाही, आणि तो अमेरिकेला निघून गेला. तिथून त्याने आजपावेतो ह्या विषयावर एक अक्षर काढलेलं नाही. मला तर वाटतं तो ह्याच विषयामुळे अमेरिकेला गेला.

पदं लागू झाल्यावर निवृत्त माणसांमध्ये जो उत्साह संचारला तो मी पुढे फक्त शेअर बाजारात पाहिला. भाऊसाहेब म्हणून एक गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, बाबांचे परममित्र आणि परमस्पर्धक. ते वहिवाटदाराचे सुभा व्हायला निघाले तेव्हा रोज सकाळी प्रत्येक विषयाखाली "सहमत" एवढा एकच शब्द टाकत सुटले. श्रद्धांजलीखालीसुद्धा सहमत. काही बायकांनी मागणी केली म्हणून बाबांनी सहीमध्ये चित्रं टाकायची मुभा दिली, तेव्हापासून प्रत्येक मताखाली एक समई लुकलुकायची, एक कबुतर उडायचं, आणि पान उघडेपर्यंत आईची भाजी फोडणीला पडून शिजून व्हायची. आई ह्या दरबारात कधीच गेली नाही. ओट्याजवळ तिचा स्वतःचा दरबार होता आणि तिथे सगळी पदं तिच्याकडेच होती.

शालूआत्या मात्र गेली. शालूआत्या बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची, डभोईच्या शाळेत भूगोल शिकवायची. रोज बसने जायची-यायची, आणि हिवाळ्यात परत येताना तिच्या पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा असायच्या. संध्याकाळी ती आणि मी गॅलरीत बसून त्या सोलायचो. ती पंचेचाळिशीला आली होती आणि तिचं लग्न राहिलं होतं. आमच्या घरात हे असंच म्हणायचे, राहिलं, जसं काही ते कुणी बसस्टँडवर विसरून आलं होतं. तरुणपणी स्थळं आली तेव्हा आजोबा आजारी होते, मग आजी आजारी पडली, मग बाबांचं पीएचडी आलं, मग मी झाले. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, एवढं उरकू दे. सगळं उरकलं तेव्हा स्थळं यायची बंद झाली होती, आणि त्याबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटायचं, फार सोयीस्कर असं वाईट. आत्या फोरमवर क्वचित लिहायची. कुणी नर्मदेच्या उगमाबद्दल काही चुकीचं लिहिलं तर तेवढं दुरुस्त करायची. तिच्या नावाखाली कायम कारकून असंच होतं.

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांच्या व्यवस्थापकाच्या पानावर वर एक लाल पट्टी कित्येक महिने झळकत होती. नवी आवृत्ती आली आहे, जुनीत सुरक्षेचे दोष आहेत, ताबडतोब बदला, असं तीत इंग्रजीत लिहिलेलं. बाबांचं म्हणणं, ती जाहिरात आहे. एके दिवशी मी ती पट्टी दाबली आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी काय काय दुरुस्त केलंय ते वाचलं. त्यात एक दोष असा होता की हसावं की रडावं कळेना. तुम्ही तुमचा खाजगी निरोप उघडला की वरच्या पत्त्यात शेवटी त्या निरोपाचा क्रमांक दिसायचा. तो क्रमांक हाताने बदलून एकने मागे-पुढे केला की पुढचा निरोप उघडायचा, मग तो कुणाचा का असेना. सॉफ्टवेअर विचारायचंच नाही की बाई, हा तुमचा आहे का. खाजगी निरोपांना दार होतं, दारावर खाजगी अशी पाटी होती, फक्त कडी नव्हती.

खरंच असं आहे का ते पाहायला मी माझ्या मैत्रिणीने मला पाठवलेला निरोप उघडला आणि आकडा बदलला. देशमुखकाकू कुणाकडून तरी चकलीच्या भाजणीचं प्रमाण मागवत होत्या, तेही "कुणाला सांगू नका" अशा अटीवर. गणपतीत आम्ही सगळ्यांनी त्यांच्या घराण्याची म्हणून जी भाजणी वाखाणली तीच. पुन्हा आकडा बदलला तर वर नाव दिसलं ते शालूआत्याचं, आणि तो निरोप गेला होता शिर्के नावाच्या कुणाला. मी खिडकी बंद केली. प्रश्न आत्याने काय लिहिलं असेल हा नव्हता. हे मला इतक्या सहज उघडता आलं, तर आणखी कुणाकुणाला येत असेल, हा होता.

त्याचं उत्तर आठवड्याभरात मिळालं. फोरमवर नागरी समस्या असा विभाग होता, तिथे भाऊसाहेबांनी नवा विषय काढला. "हल्ली शनिवारी डभोईच्या बसमध्ये काही भगिनी शेजारची खिडकीची जागा कुणासाठी तरी रुमाल टाकून धरून ठेवतात असं समजतं. इतर प्रवाशांनी उभं राहायचं का? मंडळाने विचार करावा." खाली सतराशे साठ समया आणि कबुतरं सहमत झाली होती. आत्याने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. मग ती गॅलरीत गेली, शेंगांची परात पुढ्यात घेतली आणि सोलायला बसली, पण दाणे परातीत न पडता सालांत पडत होते.

"मृणू," ती म्हणाली, "ही रुमालाची गोष्ट मी फक्त एका माणसाला लिहिली होती."

मी तिला आकड्याचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. कोण, काय, मी काहीच विचारलं नाही, तरी तिने सांगितलं. शिर्के कोयलीला रिफायनरीत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. फोरमवर एका नकाशावरून दोघांचा वाद झाला होता, तो भांडत भांडत खाजगी निरोपांत गेला आणि तिथेच राहिला. शनिवारी ते उलट्या दिशेने डभोईला यायचे आणि परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसायचे. एवढंच. "मला काही लपवायचं नाहीये गं," ती म्हणाली, "पण सांगायचं कधी आणि कुणाला, ते मला ठरवू दे ने. हे असं नागरी समस्येत नको." शिर्के तलवारीच्या जिन्यावरचे, आम्ही लेखणीच्या. सगळे एक असलो तरी एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर उडी मारायची सोय चुलतभावाने केली नव्हती, आणि ती आमच्या घरातही कुणी केलेली नव्हती.

मी बाबांकडे गेले. आत्याचं नाव न घेता म्हटलं, बाबा, फोरमला भोक आहे, कुणीही कुणाचेही निरोप वाचू शकतं, नवी आवृत्ती टाकू या, अर्ध्या तासाचं काम आहे. बाबांनी चष्मा वर केला. "पदं राहतील?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही राहणार, मी म्हटलं. चुलतभावाने जिथे हात घातला होता त्याच फाईली नव्या आवृत्तीत बदलणार होत्या. जिने जातील आणि सगळे नुसते सदस्य होतील. बाबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं संस्थान आत्ता, ह्या क्षणी विलीन होतंय.

"असा निर्णय एकट्याने घेता येत नाही," ते म्हणाले. "सभेपुढे ठेवू."

आज मी हेच काम करून पोट भरते. लोकांच्या सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायची आणि त्यांना नम्रपणे कळवायचं. काचेच्या मोठमोठ्या इमारतींमध्ये बसलेल्या, तीन तीन भाषांत सूट घातल्यासारखं बोलणाऱ्या माणसांना मी हे सांगते, आणि ती माणसं आधी विचारतात, तुम्ही तिथे बघायला कशाला गेलात. मग म्हणतात, असं कोण करणार आहे. आणि शेवटी दुरुस्त केल्यावर आमचं ते अमुक बटण हलेल का, असं विचारतात. दर वेळी मला वाटतं, ह्यातल्या कुणाचे तरी पणजोबा बडोद्याचे असणार.

सभा रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये झाली. सभेला लोक यावेत म्हणून सेवउसळ ठेवली होती, आणि सेवउसळीला लोक आले म्हणून सभा झाली. तर्रीचा वास सगळीकडे पसरला होता, पाव ओरबाडले जात होते, वर लीलो चेवडोही, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, कुणीतरी आणला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर मंडळाचा संगणक फोनच्या वायरीला जोडून ठेवला होता. आत्या पांढऱ्या काठाची निळी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. मागे भिंतीशी एक सावळे, उंच गृहस्थ द्रोण हातात धरून उभे होते. त्यांना मी ओळखत नव्हते, पण ते उसळ खात नव्हते, त्यावरून ओळखलं.

मी उभी राहून दोष समजावून सांगितला. भाऊसाहेब लगेच हात वर करून बाबांना म्हणाले, "नाना, पोरगी हुशार आहे, कबूल. पण मला एक सांगा, ही दुसऱ्यांच्या दारांच्या कड्या हलवत फिरत होती कशाला?" कडीच नाही हो, तेच तर सांगतेय, मी म्हटलं. "ते जवा दे ने बेटा, सोड. आपण तर सगळे घरचेच ने! कोण कुणाचं वाचतंय? आणि ह्या काल्पनिक भोकापायी सगळ्यांना नुसते सदस्य करून टाकायचं?" नुसते सदस्य ह्या शब्दांनी हॉल हळहळला. एका सरदारांनी सूचना मांडली की सभासदांनी पत्त्यातला आकडा बदलू नये असा ठराव करावा, म्हणजे प्रश्न मिटला. तिला अनुमोदनही मिळालं. कुणीतरी असंही विचारलं की भोक नाहीच असा ठराव केला तर चालेल का. मी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण टिपण घेत होते.

"शांतीथी, शांतीथी," बाबा म्हणाले. "मृणाल, भोक आहे तर दाखव."

"दाखवते," मी म्हटलं. "पण कुणाचा तरी खाजगी निरोप उघडावा लागेल. कुणाचा उघडू? त्यांनी परवानगी द्यायला हवी."

भोक काल्पनिक आहे असं ज्यांचं ठाम मत होतं, त्यांच्यापैकी एकही जण माझा उघड म्हणायला तयार होईना. देशमुखकाकू द्रोणातली शेव फार बारकाईने बघायला लागल्या. सरदार खिडकीबाहेर बघू लागले. भाऊसाहेब म्हणाले, तत्त्व म्हणून आपला ह्या प्रकाराला विरोध आहे.

"माझा उघड," शालूआत्या म्हणाली.

मी मान हलवून नको म्हटलं. तिने ते पाहिलं आणि उठून टेबलाशी आली. तिने फळ्यावरच्या नकाशाला हात लावावा तसा मॉनिटरला हात लावला. "आकडा टाक," ती हळूच म्हणाली, "आणि दादाला वाचू दे. मोठ्याने." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला कुणाच्या तरी तोंडून कळण्यापेक्षा स्वतःच्याच तोंडून कळू दे."

मी माझ्या खात्यातून आत गेले. माझा निरोप उघडला, आकडा बदलला. आत्याचा निरोप पडद्यावर आला. बाबा पुढे आले, त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि सभेचा वृत्तान्त वाचतात त्या आवाजात सुरुवात केली. "श्री. शिर्के यांस. तुम्ही म्हणता दादाला सांगून टाकू. सांगायला मी घाबरत नाही. तो रागावणार नाही, आदळआपट करणार नाही. तो शांतपणे ऐकून घेईल, मान डोलवेल आणि म्हणेल, बघू. हीच तर भीती आहे. तो..." इथे बाबा अडले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सुरू केलं, पण "तो" च्या पुढे त्यांना जाता येईना.

तेव्हा भाऊसाहेबांनी, आपल्या खुर्चीवरून न उठता, पडद्याकडे पाठ असताना, अडलेल्या मित्राला मदत म्हणून पुढचे शब्द पुरवले. "तो वर्षानुवर्षं बघतोच आहे, असं आहे पुढे."

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग देशमुखकाकू सावकाश मागे वळल्या. "भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"अंदाज हो," भाऊसाहेब म्हणाले. "साधारण असंच लिहितात ने लोक." पण अंदाजाला उशीर झाला होता. सगळ्यांनी मान लांब करून पडद्यावरचं पुढचं वाक्य वाचलं होतं, शब्दन्शब्द तेच. त्यानंतर जे झालं त्याला मी लोकशाही म्हणते. कुणाला आत्याबद्दल वाईट वाटलं म्हणून नव्हे, तर ह्या माणसाने आपलंही वाचलं असणार ह्या कल्पनेने सगळा हॉल उभा राहिला. चकलीची भाजणी, जावयाबद्दलची मतं, सुनेच्या माहेराबद्दलची मतं, एकमेकांबद्दलची मतं, जे जे म्हणून कुणाला सांगू नका म्हणून लिहिलं गेलं होतं ते सगळं एकदम सगळ्यांना आठवलं. सरदार ओरडत होते, पदं गेली खड्ड्यात. "सदस्य तर सदस्य! आत्ता करा ने!" मगाशी भोक नाकारणारे आता ते आपल्याच घराला पडल्यासारखे बोलत होते. भाऊसाहेब द्रोण घेऊन हळूहळू दाराकडे सरकले. त्यांना कुणी अडवलं नाही, पण कुणी आवजोही म्हटलं नाही.

ह्या सगळ्या गलक्यात बाबा पडद्यासमोर तसेच उभे होते. ते पुढचं वाचत होते, मनातल्या मनात, ओठ हलवत. त्या निरोपात आणखी काय होतं ते मी सांगणार नाही. आत्या त्यांच्या शेजारी उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती आणि तेही तिच्याकडे बघत नव्हते. माझ्या वडलांना मी त्याआधी कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं. इतिहासाच्या माणसाला दुसऱ्यांच्या चुका सांगायची सवय असते. "शालू," ते शेवटी म्हणाले, "एवढी वर्षं..." आणि थांबले. आत्या म्हणाली, "असू दे, दादा." मला त्या क्षणी बाबांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना मिठी मारावी असंही वाटत होतं, आणि दोन्ही करायला मंडळाचा हॉल ही जागा नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पण मग ह्याला उत्तर काय आलं? पुढचा आकडा टाका ने." आणि मी शपथेवर सांगते, आपले निरोप वाचले गेले म्हणून एवढ्यात कंठशोष करणारी ती सगळी माणसं एका सुरात म्हणाली, हो हो, टाका टाका. पंचवीस-तीस माना पुन्हा पडद्याकडे लांब झाल्या.

"नको," मागून आवाज आला. ते उंच गृहस्थ गर्दीतून वाट काढत पुढे आले. द्रोण अजून हातातच होता, उसळ तशीच. त्यांनी बाबांना नमस्कार केला. "मी शिर्के. ह्यांनी त्यांचा निरोप उघडायची परवानगी दिली, तो त्यांचा होता. उत्तर मी लिहिलंय. ते ह्यांच्यासाठी आहे," आत्याकडे बोट न दाखवता ते म्हणाले, "बाकी कुणासाठी नाही."

माझे बाबा, ज्यांना घरातली सगळी दारं उघडीच बरी वाटायची, ज्यांनी माझी पत्रं सहज फोडून वाचलेली होती, ज्यांनी त्या लाल पट्टीला जाहिरात म्हटलं होतं, ते पुढे झाले आणि त्यांनी मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग ते माझ्याकडे वळले. "मृणाल, घरी जाऊन नवी आवृत्ती टाक. आजच." आणि शिर्क्यांकडे बघून म्हणाले, "तुम्ही चला आमच्याबरोबर. जेवायलाच चला. आज श्रीखंड केलंय." श्रीखंड केलेलं नव्हतं. आईला वाटेतल्या पीसीओवरून फोन करून ते करायला, म्हणजे डेअरीतून आणवायला सांगितलं. आमच्या घरातला फोन त्या दिवशी लगेच लागला, कारण दरबार बंद होता.

लग्न उन्हाळ्यात झालं, रजिस्टर, आणि संध्याकाळी सगळ्या मंडळाला जेवण. सगळे सदस्य आले, जेवले आणि आपण सगळे एक आहोत असं म्हणत ज्याच्या त्याच्या जिन्याच्या पंगतीत बसले. फोरम त्यानंतर दोन-तीन वर्षांत आपोआप ओस पडला. पद नाही म्हटल्यावर मत कोण देणार.

शिर्केकाका मागच्या वर्षी गेले. मी भेटायला गेले तेव्हा आत्या आणि मी पुष्कळ वेळ बसलो होतो. बोलता बोलता मी तिला विचारलं, त्या निरोपाला काकांनी उत्तर काय लिहिलं होतं गं? मी ह्या धंद्यात इतकी वर्षं आहे, इतकी दारं उघडून पाहिली, पण तो एक आकडा मी कधी बदलला नाही, आणि आता तो फोरमच कुठे नाही. आत्या साठी कधीच ओलांडलेली, केस पांढरे, हातात काकांचा चष्मा उगाच धरलेला.

"तुला गं काय करायचंय?" ती म्हणाली, आणि लाजली.